नमुना कक्षापुढचं गाऱ्हाणं

विश्वस्त महाशय, गुन्हेगार तुम्ही आहात!

तुमचं नाव घेत नाही. घेतलं की तुमचा वकील नोटीस पाठवतो म्हणे. पण घाटकोपरला तुमचं जे वंध्यत्व निवारण केंद्र आहे, त्याच्या तळघरातल्या 'नमुना कक्षा'त तुमच्या संस्थापकांचा हार घातलेला फोटो कोणी लावला? पुरुषाने एकांतात बसून डबी भरायची ती खोली! आणि समोरच्या भिंतीवर पांढऱ्या मिशांचे, बंद गळ्याच्या कोटातले, कधीच स्वर्गवासी झालेले आजोबा डोळे वटारून बघतायत! शिवाय फोटोखाली ब्रीदवाक्य, 'आमचं लक्ष तुमच्यावर आहे'!

वाचकहो, तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने नमुना द्यावा की नमस्कार करून बाहेर यावं?

पण मी घाई करतेय. आधीपासून सांगते.

मी अक्षता घाडीगावकर. राहायला मुलुंड, नोकरी विक्रोळीच्या कुरिअर कंपनीत, काम डिस्पॅचचं. काचेची झुंबरं, तीन मजली केक, आमरसाचे डबे, एकदा तर कोणाच्या तरी सासूची कवळी, सगळं मी न सांडता, न फुटता पोचवलंय. तेव्हा एक नवरा मुलुंडहून घाटकोपरला न्यायचा आणि त्याच्याकडून एक डबी काउंटरला जमा करून घ्यायची, यात काय मोठंसं? मी मैत्रिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं, "बघ, दुपारच्या जेवणाला मी माझ्या टेबलावर असेन. झकास प्लॅन आहे!"

प्लॅनची वाट कशी लागली ते ऐका.

मला मूल हवंय. हे लाजत-मुरकत सांगण्याचं माझं वय गेलं. हवंय म्हणजे हवंय! त्यापायी दोन वर्षं मी तपासण्या करतेय. रक्त दिलं, सोनोग्राफ्या झाल्या, नळ्यांमध्ये रंग सोडून फोटो काढून झाले. तो रंग आत जाताना काय होतं ते पुरुषांना समजावायचं तर एकच उपाय, त्यांच्या बेंबीतून इस्त्री फिरवायची! सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता मिस्टरांची एक साधीशी तपासणी. ती आल्याशिवाय पुढे काहीच ठरवता येत नाही."

"इतकी साधी होती तर पहिल्यांदा का नाही केलीत?"

"पुरुष तयार होत नाहीत हो."

म्हणजे मी तयार होते म्हणून मला उसवत बसले!

आता आमचा सिद्धेश. आमच्या गावच्या मंडळाच्या क्रिकेट टीमचा ओपनिंग बॅट्समन. हेल्मेट न घालता फास्ट बोलिंग खेळतो, दात पडला तरी क्रीज सोडत नाही. पण प्लास्टिकची ती एवढीशी डबी दाखवली की गडी थेट पॅव्हेलियनमध्ये! पहिल्यांदा त्याला ताप आला. दुसऱ्यांदा फायनल मॅच आली. तिसऱ्यांदा अमावास्या आली! लॅबला अमावास्या चालत नाही हा शोध त्यानेच लावला.

चौथ्यांदा मी त्याला समोर बसवलं. "हे बघ, या वेळी पळालास तर मी पुन्हा त्या केंद्राची पायरी चढणार नाही. मूल मला हवंच आहे रे. पण एकटीने किती वेळा त्या टेबलावर झोपायचं?"

त्याने उठून पंखा वाढवला. मग म्हणाला, "जाऊ. पण मंडळाला कळता कामा नये."

मंडळाचं सांगायलाच हवं. मालवणकडचं आमचं गाव. घरं कुलुपात, माणसं भांडुपपासून ट्रॉम्बेपर्यंत पसरलेली. पण 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' ठणठणीत! कोणी हॉस्पिटलात आहे एवढं कळलं की सेक्रेटरी भाऊराव ग्रुपवर मेसेज टाकतात आणि जो असेल तिथून निघतो. कोणी रिक्षा टाकून, कोणी अर्ध्या दिवसाची रजा टाकून. बाह्या वर करूनच आत शिरायचं. आधी रक्त द्यायचं, मग काय झालं ते विचारायचं! गेल्या वर्षी आमच्या एका काकीच्या मोतीबिंदूला माणसं रक्त द्यायला गेली होती.

आणि माझे सासरे, गुणाजी घाडीगावकर. जन्म गिरणीत गेला. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून, अख्ख्या गावादेखत, कोणाचं काय अडलंय ते खणखणीत आवाजात सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. सासऱ्यांना माईक लागत नाही. शंभर मागांच्या खडखडाटात पलीकडच्या खात्यातून चहा मागवणारा आवाज आहे तो!

तर आम्ही घरी सांगितलं, कुर्ल्याला फ्लॅट बघायला जातोय. सासूबाईंनी डब्यात घावणे दिले. निघालो.

केंद्राच्या तळघरात उतरलो. काय ती व्यवस्था, विश्वस्त महाशय! मधोमध वेटिंग हॉल. खुर्च्यांच्या रांगा सिनेमाच्या थिएटरसारख्या, आणि पडद्याच्या जागी नमुना कक्षाचं दार! त्यावर मराठी, हिंदी, इंग्रजीत हातभर अक्षरात पाटी. भिंत प्लायवूडची, तीही छतापर्यंत न पोचलेली. दारावर लाल दिवा. माणूस आत गेला की पेटतो, बाहेर आला की विझतो. म्हणजे कोणाला किती वेळ लागला याचा हिशेब अख्ख्या हॉलला!

काउंटरवर रुचिरा नावाची मुलगी. नवीन असावी, कारण हसत होती. तिने पुकारलं, "सिद्धेश घाडीगावकर! पेशंट कोण आहे, पुढे या!"

नेमका त्याच क्षणी सिद्धेशचा फोन वाजला. आई!

"उचलू नकोस," मी म्हटलं.

उचलला. माझ्याशी वाट्टेल ते खोटं बोलेल, आईशी बोलता येत नाही त्याला.

"हां आई... नाही गं, फ्लॅट नाही... घाटकोपरला स्टेशनसमोरच्या हॉस्पिटलात आहे मी... नाही, अक्षता नाही, मीच... हॅलो? हॅलो?"

तळघरातलं नेटवर्क गेलं. जायचंच होतं तर जरा आधी जायचं!

"काय केलंस हे!"

"अगं नंतर सांगू ना काहीतरी. दाढ दुखत होती म्हणून."

मी त्याला डबीसकट आत ढकललं. दिवा पेटला. हॉलमधल्या सगळ्या माना वर झाल्या आणि लगेच मोबाइलमध्ये गेल्या.

दिवा विझला. सिद्धेश बाहेर!

"झालं?"

"कसलं झालं! अक्षता, आत आजोबा आहेत."

"कोण आजोबा?"

"बघ तरी येऊन!"

मी आत गेले. बघितलं. हात जोडले, माफी मागितली आणि आजोबांना भिंतीकडे तोंड करून लटकवलं. "आता त्यांचं लक्ष भिंतीवर आहे. बस!"

पुन्हा दिवा पेटला. मी दारासमोरच्या खुर्चीत ठाण मांडलं. पळून जायचा एकच रस्ता होता, आणि तो माझ्या अंगावरून जात होता.

तासभर गेला, दिवा तसाच पेटलेला. मग जिन्यावरून भजनी मंडळ उतरत असल्यासारखा चपलांचा आवाज आला. वर बघते तर भाऊराव! शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. मागे गावची दहा-पंधरा माणसं, सगळ्यांच्या बाह्या वर. दोघांच्या हातात शहाळी, एकाच्या हातात मोसंब्यांची पिशवी. आणि सगळ्यांच्या मधून, टोपी सावरत, छातीला हात लावून माझे सासरे!

"खंय आसा माझो झील?"

मुलगा कुठे आहे, विचारत होते, आणि माझी वाचाच बसली. माझी! मी ऑफिसात ड्रायव्हरांना गप्प करते!

रुचिराने आपलं दाराकडे बोट दाखवलं. "आत आहेत. दिवा आहे ना, तोवर डिस्टर्ब करायचं नाही हं काका."

सासऱ्यांनी दार बघितलं. लाल दिवा बघितला. टोपी काढली आणि भिंतीला टेकले.

"आपरेशन चालू झाला!"

मंडळात एकच गलका. "सिद्धेशाचा आपरेशन!" "काल तर बॅटिंग करत हुतो!" "बॉल लागलो असतलो पोटात!" "अगो अक्षता, रडा नको, आम्ही इलंव मां!" मी रडत नव्हते. मी डोकं धरून बसले होते.

"बाबा, ऐका ना, ऑपरेशन नाहीये. ती एक... तपासणी आहे."

"लाल दिवो लावन तपासणी? माका फसवतंस तू, बाय. माझा मन घट आसा, खरा सांग."

इकडे भाऊरावांनी काउंटर गाठला. त्यांना मागच्या अनुभवाने माहीत, काउंटरवरच्या माणसाला बोलायला वेळ द्यायचा नाही. "म्याडम, आम्ही सगळे त्याच्यासाठीच आलोय. ही एवढी माणसं. कोण आधी, कोण मागून, तुम्ही सांगाल तसं!"

रुचिराने एवढे पुरुष एकदम कधी बघितलेच नव्हते. दोन वर्षांत एक सिद्धेश आणायला मला काय काय करावं लागलं, आणि इथे पंधरा आपणहून बाह्या सरसावून हजर! तिचा चेहरा उजळला. "वा काका! एवढी जागरूकता! एकेकाने आत जायचं हं. या घ्या डब्या."

पटापट वाटल्या तिने. भाऊरावांनी डबी उलटीपालटी करून बघितली.

"ह्या एवढ्याश्यात? म्याडम, आम्ही कोकणातली माणसं. एकेकाचं बाटलीभर तरी निघेल!"

"बाटली?" रुचिरा खुर्चीतच मागे सरली.

"मागच्या टायमाला दिलं तेव्हा नर्सबाई बाजूलाच उभी होती. बिस्कीट पण दिलं."

"काका, काय बोलताय तुम्ही!"

मग ती पुढे वाकली आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलली. भाऊराव हळूहळू लाल झाले, मग पांढरे झाले. त्यांनी शर्टाची बाही खाली सोडली, बटण लावलं आणि कोणाकडेही न बघता मागच्या खुर्चीत जाऊन बसले. पण बाकीच्यांना सांगणार कसं? सेक्रेटरीला तरी कुठे शब्द सुचतायत! मंडळ डब्या हातात घेऊन तसंच उभं.

तेवढ्यात सासऱ्यांनी टोपी डोक्यावर चढवली, पिशवीतून नारळ काढला आणि दारासमोर जाऊन उभे राहिले. मला कळलं आता काय होणार. मी धावले, पण उशीर झाला होता.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडळ गरजलं. प्लायवूडची भिंत थरथरली. खुर्च्यांवरचे दोघे-तिघे अनोळखी पेशंटही सवयीने उभे राहिले. आमच्याकडचेच असणार.

"आज ह्या तळघरात, ह्या लाल दिव्याखाली, तुझा लेकरू आत एकटाच आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका बळ दी, तेचो हात धर, आणि जा काय काम आत चालू आसा ता नीट तडीस ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी दाराला कान लावला. आतून कुजबुज आली.

"अक्षता! बाहेर बाबा आहेत?"

"नाहीत. तू तुझं काम कर."

"बाबांचा आवाज आहे! आणि मागे सगळी टीम आहे! मी येतोय बाहेर."

"बाहेर पाऊल टाकलंस तर मी आत येऊन आजोबांना सरळ करीन!"

आतून कडी पुन्हा लागली. बाहेर सासरे माझ्याकडे वळले. घामाने शर्ट चिकटलेला, डोळे भरलेले. "अक्षता, गाऱ्हाण्यात दुखणा उघड सांगूचा लागता. देवाक झाकलेला चलना नाय. काय झाला तेका? बोल."

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मंडळाचे, पेशंटांचे, रुचिराचे. मला सुटका करून घेता आली असती. दाढ होती, अपेंडिक्स होतं, मुतखडा तर कोकणी माणसाला शोभूनच दिसतो.

पण मला एकदम जत्रा आठवली. गेल्या दोन्ही जत्रा. देवळाच्या आवारात सगळं गाव, सगळं मंडळ, आणि सासरे खणखणीत आवाजात म्हणतायत, 'माझ्या सुनेच्या पोटाचो जो काय दोष आसात तो दूर कर रे म्हाराजा!' आणि हीच माणसं, हीच बाह्या वर केलेली प्रेमळ माणसं, एका सुरात 'व्हय म्हाराजा!' मी हिरवी साडी नेसून, मान खाली घालून उभी. शेजारी सिद्धेश. तोही म्हणाला होता, व्हय म्हाराजा.

"सांगते," मी म्हटलं. माझा आवाज गिरणीत घडलेला नाही, पण त्या दिवशी तो वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "आम्हाला मूल होत नाही. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या, माझ्यात काही दोष नाही. तुमच्या मुलाची एकही झाली नव्हती. ती आत चाललीय. ऑपरेशन नाही, रक्त नाही. ज्या डब्या तुम्ही सगळे हातात घेऊन उभे आहात ना, त्यासाठी आहेत त्या!"

डब्या एकदम पाठीमागे गेल्या. एकाने मोसंब्यांच्या पिशवीत टाकली.

"आणि बाबा, दोन जत्रा माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलंत. न विचारता घातलंत. आज त्याच्या नावाने घाला!"

 सासरे नारळाकडे बघत राहिले.  मला वाटलं, संपलं. आता हे मुकाट्याने जिना चढतील, सिद्धेश पुन्हा कधी इथे पाय ठेवणार नाही, आणि मी जन्मभर हिरवी साडी नेसून उभी राहीन.

सासऱ्यांनी नारळ पुन्हा वर धरला. या वेळी आवाज खूप खाली होता.

"बा देवा म्हाराजा. आजपर्यंत सुनेच्या नावान जा गाऱ्हाणा घातलंय, ता न बघता घातलंय. ता तिच्या माथ्यार ठेव नको. खोट खंय आसा ता तुका ठावक. माझ्या झिलाची आसली, तर झिलाची म्हणान उघड होवंदे रे म्हाराजा."

कोणी बोलेना! पंधरा पुरुष, आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. भाऊराव चपलेच्या अंगठ्याकडे बघतायत, दुसरा छताकडे. सुनेच्या नावाला कसे कडाडून गरजले होते मेले!

आणि मग प्लायवूडच्या पलीकडून, एकट्याचा, चिरका आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

 तेव्हा कुठे मंडळाला कंठ फुटला. "व्हय म्हाराजा!" असे काही ओरडले की वरच्या मजल्यावरून वॉचमन धावत आला!

नंतर सगळे न सांगताच दाराकडे पाठ करून बसले. एकाने मोबाइलवर क्रिकेटची कॉमेंटरी मोठ्याने लावली, आतल्याला अवघडू नये म्हणून. केवढा हा समजूतदारपणा! बऱ्याच वेळाने दिवा विझला. सिद्धेश बाहेर आला. डबी रुमालात गुंडाळलेली, कान लाल. त्याने ती रुचिराकडे दिली आणि बापासमोर उभा राहिला.

"झाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"झाला, बाबा."

"बरा झाला. शहाळा पी."

बस, एवढंच. मंडळ जिना चढून गेलं. रुचिराने डब्या मोजून घ्यायला हाक मारली, तर बऱ्याच परत आल्याच नाहीत. भाऊराव जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले, "सूनबाय, आमच्या धाकट्याचं पण तुमच्यासारखंच... म्हणजे हे घरून आणलेलं चालतं काय?"

दुपारच्या जेवणाला मी माझ्या टेबलावर नव्हते. तळघरातल्या खुर्चीत बसून सिद्धेशबरोबर थंडगार घावणे खात होते, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

हे सगळं मी कशासाठी लिहितेय? हसवायला? हसा की! पण पुढचं ऐका.

रिपोर्ट आला. सिद्धेशच्या शुक्राणूंचा काउंट कमी, बराच कमी. आम्ही दोघं डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अक्षता, घाबरू नका हं."

सिद्धेश म्हणाला, "म्याडम, माझा आहे ना तो? मग माझ्याशी बोला." मी त्याच्याकडे बघतच राहिले. हा खरा ओपनिंग बॅट्समन!

बाई त्याच्याकडे वळल्या. "हो, हो, तुमच्याशीच बोलते. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. पुरुष खचतात. सैल कपडे घाला, मोसंबी खा. आणि बायकोला जपा, कारण तिची ती नळ्यांची तपासणी आपण पुन्हा एकदा करून घेऊ."

"माझी?" मी उडालेच. "पण माझ्या नळ्या उघड्या आहेत! तुम्हीच सही केलीय!"

"केलीय ना. पण आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

कोणाची पद्धत? कोणी पाडली? विश्वस्त महाशय, हा प्रश्न तुम्हाला आहे, आणि इकडे तिकडे बघू नका. आमच्या तिसरी शिकलेल्या गुणाजी घाडीगावकरांनी चारचौघांत आपलं गाऱ्हाणं मागे घेतलं. तुमच्या भिंतीवर तर पदव्यांच्या माळा आहेत. काउंट त्याचा कमी आला, मग तो शोधायला तुम्ही पुन्हा माझ्या पोटात का उतरताय? उत्तर द्या. लेखी द्या. आणि पाकिटावर 'पेशंट' म्हणून माझं नाव घालाल तर न फोडता परत पाठवीन. डिस्पॅच माझ्याच हातात आहे!